महामारीचे संशोधन आणि पुष्पिकेतील नावे

चरकसंहितेच्या प्रत्येक अध्यायाअखेरीस येणारी पुष्पिका विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच घाईने वाचून पान उलटलेले असते. फार तर आयुर्वेदेतिहासाच्या उत्तरपत्रिकेत टीप लिहिण्यापुरते तिचे स्मरण होत असे. तंत्र अग्निवेशाचे, प्रतिसंस्कार चरकाचा, आणि चिकित्सास्थानातील १७ अध्याय तसेच कल्प व सिद्धी ही दोन स्थाने मिळून ४१ अध्यायांची पूर्ती पंचनदपूरच्या दृढबलाची, अशी ही वाटणी आहे. ग्रंथात कोणाचा वाटा कोणता, हे अध्यायागणिक सांगून ठेवण्याची ही शिस्त आपल्या पूर्वसूरींना आवश्यक वाटली. वयाच्या पंचेचाळिशीत एका अवघड प्रसंगाच्या निमित्ताने मी त्या पुष्पिका पुन्हा काढून वाचल्या. तो प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे आणि तो मी पुढे सांगणारच आहे; परंतु त्याआधी विषयाची थोडी पार्श्वभूमी मांडणे इष्ट होईल.

आधुनिक शोधनिबंधाची पुष्पिका म्हणजे शीर्षकाखालील नावांची ओळ. वैद्यकीय शाखांत या ओळीच्या क्रमाला अर्थ असतो. ज्याने प्रत्यक्ष काम उभे केले व मसुदा लिहिला, त्याचे नाव पहिले. ज्येष्ठ मार्गदर्शकाचे नाव शेवटी. नेमणूक, बढती, अनुदान, पीएच.डी.चा प्रवेश, अशा अनेक ठिकाणी या ओळीकडे बोट दाखवावे लागते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीनुसार सहा अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्या स्थानी स्त्री असण्याचे प्रमाण १९९४ मध्ये २७ टक्के होते, ते २०१४ मध्ये ३७ टक्के झाले. म्हणजे दहा टक्क्यांची वाट चालायला वीस वर्षे लागली. महामारी आली ती या संथ वाटचालीच्या मध्यावर.

कोविड-१९ च्या पहिल्या काही महिन्यांत जगभर जे निबंध निघाले, त्यांपैकी १३७० निबंधांची व त्यांच्या ६७२२ लेखकांची छाननी 'बीएमजे ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२० सालीच प्रसिद्ध झाली. एकूण लेखकांत स्त्रिया ३४ टक्के, प्रथम लेखकांत २९ टक्के आणि अंतिम लेखकांत २६ टक्के आढळल्या. ओळीत जसजसे मानाचे स्थान यावे, तसतशी स्त्री विरळ होत जावी, असे हे आकडे आहेत. यावर कोणी म्हणेल की, हे प्रमाण पूर्वीही असेच असेल, त्यात महामारीचा काय दोष? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर 'ईलाइफ' या नियतकालिकातील त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मिळते. अमेरिकेतील लेखकांच्या कोविडविषयक १८९३ वैद्यकीय निबंधांची तुलना तेथे त्याच नियतकालिकांतील २०१९ सालच्या निबंधांशी केलेली आहे. कोविडच्या निबंधांत पहिल्या स्थानी स्त्री असण्याचे प्रमाण आदल्या वर्षाच्या मानाने १९ टक्क्यांनी कमी भरले. याचा अर्थ शंभर निबंधांतून एकोणीस स्त्रिया गळाल्या असा नव्हे. पूर्वीच्या प्रमाणावरून जेवढ्या स्त्रिया पहिल्या स्थानी अपेक्षित होत्या, त्यांतील जवळजवळ एक पंचमांश दिसेनाशा झाल्या, असा आहे. मार्च व एप्रिल २०२० मध्ये ही तूट सर्वांत ठळक होती. अंतिम लेखकांच्या बाबतीत मात्र निश्चित निष्कर्ष निघाला नाही, हेही त्या अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. फटका बसला तो मुख्यतः ज्या अजून वर चढत होत्या त्यांना, असे त्यावरून अनुमान निघते.

हे अनुमान दुसऱ्या बाजूनेही पुष्ट होते. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या २३२९ नियतकालिकांकडे फेब्रुवारी ते मे या काळात आलेली हस्तलिखिते २०१८, २०१९ व २०२० अशी तीन वर्षे तपासली गेली. २०२० च्या त्या चार महिन्यांत हस्तलिखितांचा नुसता पूर लोटला होता. पण त्या पुरात स्त्रियांचा वाटा तुलनेने घटला आणि तरुण संशोधिकांच्या बाबतीत ही घट विशेष होती. अमेरिका व युरोपातील सुमारे साडेचार हजार संशोधकांची पाहणी एप्रिल २०२० मध्ये झाली, तीत संशोधनाचा वेळ सर्वाधिक कोणाचा हिरावला गेला याचे उत्तर मिळाले: ज्यांच्या घरी पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते त्यांचा.

येथे परदेशातील आकडेवारी बाजूला ठेवून आपल्या घरात डोकवावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, म्हणजे महामारीच्या उंबरठ्यावरच, कालविनियोगाची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचे दिवसातील २९९ मिनिटे त्यात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटे. (जे पुरुष घरकाम करीतच नाहीत, ते या सरासरीत नाहीत, आणि ते थोडेथोडके नाहीत.) ही स्थिती शाळा चालू, पाळणाघर चालू, कामाला येणाऱ्या मावशी चालू असतानाची. मार्च २०२० मध्ये हे सारे एकाच आठवड्यात बंद झाले. गृहसंस्थांनी फाटके लावून घेतली, मुले घरी मोबाईलसमोर बसली, सासूसासऱ्यांची औषधे, वाफारा, काढा, किराणा धुऊन घेणे, सगळे वाढले. त्याच आठवड्यांत जगातील वैद्यकीय नियतकालिके कोविडचे निबंध चार-आठ दिवसांत स्वीकारू लागली. ज्याच्या हाती त्या रात्री दोन तास मोकळे होते, त्याचा निबंध आधी गेला. विद्वत्तेचा प्रश्न नव्हताच; प्रश्न रिकाम्या टेबलाचा होता.

माझ्या मते वेळेच्या जोडीला आणखी एक कारण घडले, त्याची चर्चा कमी होते. घाईच्या कामात माणूस ओळखीच्याला हाक मारतो. रात्री अकराला मित्राला फोन करून "अरे, एवढी आकडेमोड करून देतोस का, उद्या पाठवायचे आहे," असे म्हणता येते. त्या वेळी एखाद्या वैद्यभगिनीस फोन करणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही, आणि तिच्या घरीही ते चालत नाही. हा संकोच सभ्यतेचा म्हणून आपण मिरवतो; परंतु त्यातून नावांच्या ओळीतील जागा मित्रांना मिळत जातात.

स्त्रिया त्या काळात काम करीत नव्हत्या असे कोणीही म्हणू धजणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे संचालकपद महामारीत डॉ. प्रिया अब्राहम यांच्याकडे होते, आणि त्याच संस्थेतील डॉ. प्रज्ञा यादव यांचे नाव कोव्हॅक्सिनविषयक अनेक निबंधांत आहे. पुण्याच्याच मायलॅबमध्ये आरटी-पीसीआर चाचणीसंचाच्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या मीनल दाखवे-भोसले गरोदर होत्या. मार्च २०२० मध्ये संच तपासणीसाठी सादर केला आणि लगोलग त्यांनी कन्येला जन्म दिला. वर्तमानपत्रांनी ही कथा मोठ्या कौतुकाने छापली. कौतुक योग्यच होते. पण असामान्य स्त्रीच्या कथेचे कौतुक करून आपण सामान्य वैद्यभगिनीच्या प्रश्नातून अंग काढून घेतो, ही आपली जुनी खोड आहे. आणि ज्यांची कथा छापली गेली नाही त्यांचे काय? सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर जाऊन तापमान, ऑक्सिजनची पातळी व सहव्याधी यांची नोंद ज्या आशाताईंनी केली, ती नोंद म्हणजे आधारसामग्रीच होती. तिच्या कोष्टकाखाली आशाताईचे नाव येत नाही. येथे सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायातील विवेचन आठवते. रानातील गुराखी व मेंढपाळ वनस्पतींना नावानिशी व रूपानिशी ओळखतात, हे तेथे मान्य केले आहे, आणि त्याच दमात योग जाणणारा तोच तत्त्वज्ञ, असेही म्हटले आहे. ओळखणारा एक आणि जाणता म्हणून गणला जाणारा दुसरा, हा भेद इतका जुना आहे.

आपल्या शास्त्रात स्त्रीचे नाव पुसले गेल्याचे एक उदाहरण तर थेट बगदादमधून मिळते. दहाव्या शतकात इब्न अल्-नदीम याने 'फिहरिस्त' नावाची ग्रंथसूची सिद्ध केली. तीत अरबीत गेलेल्या भारतीय वैद्यकग्रंथांमध्ये रूसा नावाच्या एका भारतीय स्त्रीचा स्त्रीरोगचिकित्सेवरील ग्रंथ नोंदविलेला आहे. ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिचे मूळ संस्कृत वा प्राकृत नाव काय असावे, ती कोठली, याचा आपल्या परंपरेत मागमूस नाही. एका परक्या सूचिकाराने एक ओळ लिहिली नसती, तर ती होऊन गेली हेही आपणांस कळले नसते. त्यानंतर हजारएक वर्षे लोटल्यावर, १८८६ साली, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंमधील प्रसूतितंत्रावर. आपल्या प्राचीन विषयावर आपल्या स्त्रीने आपल्या नावानिशी लिहिले, यासाठी सातासमुद्रापार जावे लागले.

नावाचाच विषय निघाला आहे तर एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांत लेखक स्त्री की पुरुष हे संगणकाने पहिल्या नावावरून ठरविले जाते. आपल्याकडे किरण, सुमन ही नावे दोहोंकडे चालतात, आणि 'व्ही. एस.' अशी आद्याक्षरे छापण्याची पद्धत असल्याने अनेक भगिनी या मोजणीत सापडतच नाहीत. याहून मोठी अडचण विवाहानंतरची. पदव्युत्तर शिक्षण घेताना माहेरच्या नावाने दोन निबंध, लग्नानंतर सासरच्या आडनावाने एक. काही घरांत तर पहिले नावही बदलतात. तिन्ही निबंध एकाच व्यक्तीचे आहेत हे मुलाखतीच्या टेबलावर सिद्ध करण्यासाठी तिला राजपत्राची प्रत घेऊन बसावे लागते. पुरुषाला हा त्रास आयुष्यात कधी होत नाही. लेखकाला कायमस्वरूपी क्रमांक देणारी ऑर्किडची सोय २०१२ पासून आहे व ती विनामूल्य आहे; आपल्या किती विद्यार्थिनींना ती माहीत आहे, हे अध्यापकांनी वर्गात विचारून पाहावे.

"शास्त्राला लिंगभेद नसतो, निबंध चांगला असला म्हणजे झाले, लिहिणारा कोणी का असेना," असे मत आपल्याच बैठकीत एका आदरणीय ज्येष्ठ वैद्यांनी मांडले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मला हे मत मान्य नाही. लिहिणारा कोण यावर काय विचारले जाते हे अवलंबून असते. पंधरा लाख वैद्यकीय निबंधांच्या अभ्यासातून, जो २०१७ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर'मध्ये आला, असे दिसले की जेथे लेखकांत, विशेषतः पहिल्या व शेवटच्या स्थानी, स्त्रिया असतात तेथे स्त्री-पुरुष भेदाचा रोगावर व औषधावर होणारा परिणाम तपासला जाण्याचा संभव अधिक असतो. २०२१ मधील आपापली ओपीडी आठवा. लस घेतल्यानंतर पाळी लांबली, रजःस्राव जास्त झाला, अशा तक्रारी घेऊन किती स्त्रिया आल्या! लसीच्या मूळ चाचण्यांत हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारलाच गेला नव्हता. तो उचलला तो अमेरिकेतील कॅथरीन ली व कॅथरीन क्लॅन्सी या दोन स्त्री-मानवशास्त्रज्ञांनी. एकोणचाळीस हजारांहून अधिक जणांची उत्तरे त्यांनी गोळा केली व २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या आरंभी ॲलिसन एडेलमन यांच्या गटाने चक्राचा कालावधी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतो, असे दाखवून दिले. म्हणजे भिण्याचे कारण नव्हते. पण हे आश्वासन देण्यासाठी आधी प्रश्न गंभीरपणे घेणारे कोणी असावे लागते. आर्तवाचे इतके सूक्ष्म विवेचन करणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. आपल्या केसपेपरांत ही नोंद होती. ती निबंधापर्यंत का पोहोचली नाही?

आता माझा प्रसंग. २०२० च्या पावसाळ्यापासून मी तालुक्याच्या गावी कोविड केअर सेंटरमध्ये पाळीने जात होतो. बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांतील दौर्बल्य, अरुची, निद्रानाश यांचा पाठपुरावा करावा, अशी कल्पना निघाली. कल्पना कोणाची हे आज आठवून पाहतो तेव्हा ती माझी नव्हती, हे मला कबूल करावे लागते. ती माझ्यासोबत काम करणाऱ्या एका तरुण वैद्यभगिनीची होती. तिची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. मुलीला निजवून रात्री दहानंतर ती रुग्णांना फोन करी. कोणी कामाच्या गडबडीत फोन ठेवून दिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करी. अग्नी, निद्रा, बल, मलप्रवृत्ती यांचे कोष्टक तिने स्वतः आखले होते, आणि वह्या तिच्याच अक्षरात आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट टिपेला असताना तिच्या सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या. निबंध पाठविण्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती म्हणाली, "सर, मला आता बघणे होणार नाही. तुम्ही पाठवून द्या." मी पाठवून दिला. चार नावे होती: पहिले माझे, दुसरे आकडेमोड करून देणाऱ्या मित्राचे, तिसरे एका महाविद्यालयीन स्नेह्याचे, चौथे ज्यांच्या नावाने वजन येईल अशा एका ज्येष्ठांचे. तिचे नाव आभारांत, औषधे पुरविणाऱ्या दुकानदाराच्या आधी.

मी स्वतःला असे समजावले होते की, तिने मसुदा लिहिलेला नाही, म्हणून नियमाने ती लेखक होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष मी पुढे सावकाश वाचले. त्यांत संकल्पना किंवा आधारसामग्रीत भरीव वाटा असणाऱ्या प्रत्येकास मसुदा तपासण्याची व त्यास संमती देण्याची संधी दिली गेली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ज्या त्रुटीचा आधार घेऊन मी तिला वगळले, ती त्रुटी मीच निर्माण केली होती. मुदत आठ दिवसांनी वाढवून मागता आली असती. मागितली असती तर मिळालीही असती. त्या काळात सर्वच मुदती लांबत होत्या. आणि आमच्या त्या ज्येष्ठांनी तर मसुदा उघडूनही पाहिला नव्हता, तरी त्यांच्या नावाविषयी मला नियम आठवला नाही.

तिने कधी एक शब्दही काढला नाही. पुढे ती अध्यापकपदाच्या मुलाखतीस गेली, तेव्हा "आपले प्रकाशित कार्य?" या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हते. हे मला तिच्याकडून नव्हे, मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाकडून कळले. ते सहज बोलता बोलता म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण लिहीत नाही."

संघटनेच्या या त्रैमासिकापुरत्या काही गोष्टी संपादक मंडळाने मनावर घ्याव्यात, अशी विनंती आहे. निबंधाखाली प्रत्येकाने नेमके काय केले याचे दोन ओळींचे निवेदन छापावे. पुष्पिकेच्या परंपरेत वाढलेल्यांना ते परके वाटू नये. लेखकाचे पहिले नाव पूर्ण छापावे, आणि नाव बदललेल्या भगिनींना पूर्वीचे नाव सोबत देण्याची मुभा असावी. आजारपण, बाळंतपण वा घरातील शुश्रूषा यांकरिता मुदतवाढ मागितल्यास ती देण्याचा नियमच करून टाकावा, म्हणजे कोणाला अजिजी करावी लागणार नाही. आजच्या आयुर्वेद महाविद्यालयांतील वर्गांत मुली बहुसंख्य दिसतात. आपल्या परीक्षक मंडळात मात्र तसे दिसत नाही. गेल्या दहा वर्षांच्या अंकांची अनुक्रमणिका समोर ठेवून पहिल्या स्थानी किती भगिनींची नावे आहेत, याची मोजदाद पुढील अंकापूर्वी करता येईल. काम एका दुपारचे आहे, आणि मी ते करून देण्यास तयार आहे.

माझ्या निबंधाविषयी मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना सविस्तर पत्र लिहिले, मूळ वह्यांची छायाचित्रे जोडली आणि तिचे नाव पहिल्या स्थानी घेऊन शुद्धिपत्र काढण्याची विनंती केली. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. छापलेल्या सर्व लेखकांची लेखी संमती आल्यास शुद्धिपत्र काढता येईल, असे त्यांनी कळविले. आकडेमोड करणाऱ्या मित्राने त्याच दिवशी सही केली. महाविद्यालयीन स्नेह्यांनी "आता कशाला उकरून काढता?" असे विचारून, पण अखेर केली. ज्येष्ठांकडे मी दोनदा जाऊन आलो. कागद त्यांच्याकडे आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.